हिशेबात न धरलेले औषध

फॅटी लिव्हरवरच्या औषधांच्या चाचण्यांत रुग्णांनी वर्षभर काय खाल्ले, किती चालले, याची नोंद कुठे आहे असे विचारले की एक ठरलेले उत्तर मिळते. आहार-व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना सारखाच दिला होता. गट सोडत पद्धतीने पाडले होते. त्यामुळे खाण्यापिण्यातला फरक दोन्हीकडे सारखा विभागला गेला आणि उरला तो औषधाचा गुण. याला आणखी तीन मुद्दे जोडले जातात. वजन मोजलेले असतेच, तेवढे पुरे. आहार नीट मोजता येत नाही, रुग्ण खरे सांगत नाहीत. आणि माणसे जीवनशैली बदलत नाहीत म्हणूनच तर औषध शोधायचे आहे, मग तिच्यामागे चाचणीचा पैसा का घालवायचा? हे मत फक्त औषधकंपन्यांचे आहे असे नाही. यकृततज्ज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, आचारसमित्यांचे सदस्यही ते मनापासून मांडतात. ऐकायला ते शास्त्रशुद्ध वाटते, म्हणून त्याचा समाचार सविस्तर घेतला पाहिजे. या आजारात आहार आणि व्यायाम हेच औषध आहे. त्याला मात्रा आहे आणि परिणामही आहे. गोळीची मात्रा मिलिग्रॅमपर्यंत मोजायची आणि या दुसऱ्या औषधाची अजिबात मोजायची नाही, असे ज्या चाचणीत होते तिचा निकाल अर्धाच वाचता येतो.

आहार-व्यायामाला औषध म्हणणे हा अलंकार नाही, त्याला बायॉप्सीचा पुरावा आहे. 2015 साली क्यूबातल्या संशोधकांनी 293 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यकृतात चरबीबरोबर दाहही असलेल्या या रुग्णांना 52 आठवडे केवळ आहार-व्यायामाचा कार्यक्रम दिला होता आणि आधी व नंतर यकृताचा तुकडा काढून तपासला होता. ज्यांचे वजन दहा टक्के किंवा अधिक घटले, त्यांच्यापैकी 90 टक्क्यांचा दाह नाहीसा झाला आणि 45 टक्क्यांचा फायब्रोसिस, म्हणजे यकृतातले व्रणाचे तंतू, मागे हटला. सगळे रुग्ण धरले तरी चौघांतल्या एकाचा दाह गेला होता. त्याआधी 2010 मध्ये अमेरिकेत 31 रुग्णांची एक छोटी चाचणी झाली. त्यात जीवनशैलीवर कसून काम केलेल्या गटाचे वजन सरासरी 9.3 टक्के उतरले, नुसती माहिती दिलेल्या गटाचे 0.2 टक्के. यकृत सुधारलेले रुग्ण पहिल्या गटात 72 टक्के, दुसऱ्यात 30 टक्के. आता अमेरिकी औषध प्रशासनाने मार्च 2024 मध्ये मान्य केलेल्या रेस्मेटिरॉम या फॅटी लिव्हरवरच्या पहिल्या औषधाचे आकडे पाहा. 966 रुग्णांच्या चाचणीत 52 आठवड्यांनी दाह गेलेले रुग्ण कमी मात्रेत 25.9 टक्के, जास्त मात्रेत 29.9 टक्के आणि प्लासीबोत, म्हणजे नकली गोळीवर, 9.7 टक्के होते. क्यूबातल्या अभ्यासाला तुलनेचा गट नव्हता आणि तिथले रुग्णही वेगळे होते, त्यामुळे हे आकडे शेजारी मांडून कोण सरस हे ठरवणे चुकीचे होईल. मला इतकेच दाखवायचे आहे की दोन्ही परिणाम एकाच मापाचे आहेत. मग ज्याचा परिणाम गोळीच्या तोडीचा आहे, त्याची नोंद ठेवायची नाही हे कोणत्या शास्त्रात बसते?

प्लासीबो गटाकडे पाहिले की नोंद न ठेवण्याची किंमत कळते. 2019 मध्ये 39 चाचण्यांतल्या प्लासीबो गटांचा एकत्रित अभ्यास झाला. प्लासीबो घेणाऱ्यांपैकी साधारण एकतृतीयांश रुग्णांच्या यकृतातली चरबी कमी झाली होती, जवळपास तेवढ्यांचाच दाह उतरला होता आणि 21 टक्क्यांचा फायब्रोसिससुद्धा सुधारला होता. डोकेदुखी नकली गोळीने थांबली तर मनाचा परिणाम म्हणता येईल. पण सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी चरबी कोणत्या विश्वासाने वितळते? पुढे तर आणखी कोडे आहे. रेस्मेटिरॉमच्या चाचणीत प्लासीबोवर दाह गेलेले 9.7 टक्के. टर्झेपाटाइडच्या 190 रुग्णांच्या चाचणीत 10 टक्के. एलाफिब्रॅनॉरच्या चाचणीत 14.7 टक्के, त्या औषधाला 19.2 टक्केच जमले आणि ते या आजारासाठी बाद झाले. आणि 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या चाचणीत, पहिल्या 800 रुग्णांत 72 आठवड्यांनंतर, प्लासीबोचा आकडा 34.3 टक्के. रोग तोच, फायब्रोसिसच्या पायऱ्याही बहुतांशी त्याच, गोळी किंवा इंजेक्शन सगळीकडे निष्क्रिय, तरी प्लासीबोचा निकाल साडेतीनपट. याला कारणे अनेक असू शकतात. चाचणीची मुदत वेगळी होती. बायॉप्सी न झालेल्या रुग्णांना कसे मोजले, हेही प्रत्येक चाचणीत सारखे नसते. बायॉप्सीच्या सुईत यकृताचा साधारण पन्नास हजारावा भाग येतो, आणि फुगलेल्या पेशी व दाह यांना गुण देताना दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचेही अनेकदा एकमत होत नाही. दाहाचे गुण शून्य ते तीन असतात. एका गुणाच्या फरकाने रुग्ण ‘बरा’ किंवा ‘तसाच’ ठरू शकतो. हे सगळे मान्य. पण या कारणांच्या रांगेत सर्वांत मोठे जे असू शकते, ते म्हणजे प्लासीबोवरच्या माणसांनी खाण्यात आणि हालचालीत खरोखर केलेला बदल. त्याचा वाटा किती हे सांगता येत नाही, कारण तो तुलना करता येईल अशा रीतीने मोजलाच गेलेला नाही. ‘तुमच्या यकृतात तंतू धरू लागले आहेत’ हे वाक्य आणि पोटात सुई घालून काढलेला तुकडा, या दोन्हींनी हादरलेला माणूस घरी जाऊन जसा होता तसाच राहील, असे गृहीत तरी कसे धरायचे?

आता सोडतीच्या युक्तिवादाकडे येऊ. सोडतीमुळे दोन गट सुरुवातीला सारखे होतात, हे निर्विवाद आहे. पण ती पहिल्या दिवशीची समानता आहे; पुढच्या बावन्न किंवा बहात्तर आठवड्यांची हमी सोडत देत नाही. ती हमी रुग्णाला आपण कोणत्या गटात आहोत हे कळत नाही तोवरच टिकते. या औषधांत ते कळते. सेमाग्लुटाइड सुरू केल्यावर मळमळ होते, भूक मरते. रेस्मेटिरॉमने अनेकांना जुलाब आणि मळमळ होते. ज्याला असे काही होते त्याला आपल्याला खरे औषध मिळाल्याचा अंदाज येतो. मग एखादा उत्साहाने चालायला लागतो, दुसरा औषध काम करतेय म्हणून गोडावर पुन्हा हात टाकतो. ज्याला काहीच होत नाही, तो आपल्याला पाण्याचे इंजेक्शन मिळाले असे समजून स्वतःच पथ्य धरतो किंवा चाचणी सोडून जातो. यातले प्रत्येक वागणे यकृतावर उमटते आणि ते गटागणिक वेगळे असते. शिवाय दोन्ही गटांत बदल अगदी सारखा झाला असे क्षणभर धरले, तरी प्रश्न मिटत नाही. दोन्ही गटांनी पथ्य कडक पाळले तर औषधाला करण्यासारखे थोडेच उरते आणि चांगले औषध नापास होऊ शकते. दोन्हीकडे कोणीच पाळले नाही तर मिळालेला आकडा पथ्य न पाळणाऱ्यांचा असतो, आणि पुढे तोच ‘आहार-व्यायामासोबत’ या शब्दांखाली सर्वांना लावला जातो. सोडतीमुळे तुलना न्याय्य होते. कोणत्या परिस्थितीतली तुलना, ते सोडत सांगू शकत नाही. मुदतीचाही एक मुद्दा आहे, ज्याकडे फार कमी लक्ष गेले आहे. 52 आठवड्यांच्या चाचणीत पहिली आणि शेवटची बायॉप्सी वर्षाच्या एकाच ऋतूत येते. 72 आठवड्यांच्या चाचणीत येत नाही. चातुर्मासात पहिली तपासणी आणि लग्नसराईनंतर शेवटची, अशी वेळ आली तर खाण्यातला फरक यकृताला जाणवणार नाही का? आणि 2020-21 च्या लॉकडाउनमध्ये ज्या चाचण्या चालू होत्या, त्यांतल्या माणसांचे चालणे-फिरणे महिनोन्‌महिने बंद होते, त्याचे काय?

‘वजन मोजतोच ना’ हा दुसरा बचाव तर पुराव्यापुढे उभाच राहत नाही. सिडनीत 2009 साली लठ्ठ माणसांना चार आठवडे सायकलचा व्यायाम दिला. वजन हलले नाही, पण यकृतातली चरबी सुमारे 21 टक्क्यांनी उतरली. 2017 मध्ये अमेरिकेत लठ्ठ मुलांच्या आहारातली फ्रुक्टोज साखर काढून तेवढ्याच उष्मांकांचे पिष्टमय अन्न नऊ दिवस दिले. उष्मांक तेच, तरी यकृतातल्या चरबीचे मध्यम मान 7.2 टक्क्यांवरून 3.8 टक्क्यांवर आले. उलट दिशेचा पुरावा 2010 च्या पिओग्लिटाझोन हे मधुमेहाचे औषध आणि ई-जीवनसत्त्व यांच्या 247 रुग्णांच्या चाचणीत आहे: पिओग्लिटाझोनवरच्या रुग्णांचे वजन चार-साडेचार किलोंहून जास्त वाढले आणि यकृतातली चरबी व दाह मात्र कमी झाले. म्हणजे वजन न हलता यकृत सुधारते, वजन वाढूनही सुधारते, आणि तरीही वजनाचा काटा आहार-व्यायामाची साक्ष म्हणून पुढे केला जातो. त्यात चाचण्या छापतात ती सरासरी. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत प्लासीबो गटाचे वजन सरासरी दोन टक्के उतरले. या दोन टक्क्यांत कोणी बारा टक्के उतरलेला असेल, कोणी पाच टक्के वाढलेला. ज्या 34.3 टक्क्यांचा दाह गेला ते यांतले कोण, हा प्रश्न सरासरीने सुटत नाही.

भारतीय शरीराबाबत तर वजनावर विसंबणे आणखी धोक्याचे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षे दाखवून दिले आहे की आपला माणूस दिसायला किरकोळ पण चरबीने भरलेला असतो. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र छापले: दोघांचाही बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन) 22.3, पण शरीरातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागात 2010 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 8.7 टक्के लोकांना फॅटी लिव्हर आढळले आणि त्यांतल्या तीनचतुर्थांश लोकांचा बॉडी मास इंडेक्स 25 च्या आत होता. अशा माणसाला ‘दहा टक्के वजन उतरवा’ हे लागूच कसे करायचे? त्याच्या ताटातला भात, चहातली साखर आणि दिवसभराचे बसणे मोजल्याशिवाय त्याच्या यकृतात काय घडले हे कळणार नाही. पाश्चात्त्य देशांत लठ्ठ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष इथे आणताना निदान इतके तरी ठाऊक हवे.

आहार मोजता येत नाही, रुग्ण खोटे बोलतात, या म्हणण्याला आधार आहे आणि तो मी लपवणार नाही. 1992 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आलेल्या अभ्यासात, आपण कमी खातो तरी वजन उतरत नाही म्हणणाऱ्या माणसांनी खाणे 47 टक्के कमी आणि हालचाल 51 टक्के जास्त सांगितली होती. पण हे उघडकीला कसे आले? समस्थानिकयुक्त पाणी पाजून शरीराने प्रत्यक्ष जाळलेली ऊर्जा मोजली, म्हणून. म्हणजे ज्या अभ्यासाचा दाखला ‘मोजता येत नाही’ म्हणून दिला जातो, तो मोजमाप करूनच झाला. इतके महाग पाणी प्रत्येक रुग्णाला पाजा असे कोणी म्हणत नाही. मनगटावरचे हालचाल मोजणारे यंत्र आज स्वस्त आहे आणि ते रुग्णाची आठवण विचारत नाही. ताटाचा फोटो मोबाइलवर निघतो. प्रश्न नेमके विचारले तर तोंडी माहितीही बरीच सुधारते. ‘रोज किती तेल खाता?’ या प्रश्नाला आपल्या घरात कोणाकडेच उत्तर नसते, कारण तेल फोडणीत पळीने पडते. ‘महिन्याला किती किलो तेल लागते आणि जेवणारी माणसे किती?’ असे विचारा, घरातली बाई क्षणात सांगेल. साखर आणि शेंगदाणे असेच विचारता येतात. उपवास किती, आणि उपवासाला काय खाता, हेही विचारावे लागेल. साबुदाण्याची खिचडी आणि वेफर्स खाऊन झालेला उपवास ‘कमी खाल्ले’ या रकान्यात गेला तर नोंद उलटी होईल. परदेशात छापलेल्या प्रश्नावलीत हे रकाने नसतात. मोजमाप कच्चे राहील, हे कबूल. पण दोन पॅथॉलॉजिस्टांचे एकमत न होणाऱ्या दाहाच्या गुणांवर औषधाची मान्यता अवलंबून ठेवायची आणि आहाराची नोंद कच्ची म्हणून टाकून द्यायची, हा दुटप्पीपणा आहे. या चाचण्यांत दारूबद्दल नुसत्या शब्दावर विश्वास ठेवला जात नाही, कित्येकदा रक्त तपासूनही खात्री केली जाते. ती काटेकोर शिस्त ताटाला का लागू नाही?

संख्याशास्त्रज्ञांचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. सोडतीनंतर बदललेल्या गोष्टी, जसे सहा महिन्यांनंतरचे वजन, हिशेबात घेऊन औषधाचा परिणाम ‘दुरुस्त’ केला तर सोडतीने मिळवलेली निष्पक्षता हातची जाते. भूक कमी करणारे औषध तर खाणे कमी करूनच काम करते. खाणे वजा केले की औषधच वजा होते. हे बरोबर आहे. पण यातून निष्कर्ष निघतो तो असा की विश्लेषण विचारपूर्वक आणि आधी जाहीर करून करावे. नोंदच ठेवू नये हा निष्कर्ष त्यातून कसा निघाला? सुरुवातीचा आहार आणि हालचाल पाहून गट पाडता येतात, त्यात कसलाही पक्षपात नाही. नंतरच्या बदलांबाबत नेमका कोणता परिणाम मोजायचा आहे हे आधी ठरवण्याची चौकट औषधनियमनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 2019 मध्येच मान्य केली आहे. औषध थेट यकृतावर किती आणि वजन घटवून किती काम करते, हे वेगळे काढण्याच्या पद्धती आहेत. त्या सगळ्यांना कच्चा माल लागतो तो नोंदींचा. लिव्हर फोरमच्या तज्ज्ञगटाने 2020 मध्ये या आजाराच्या चाचण्यांत आहार-व्यायामाचे प्रमाणीकरण कसे करावे याच्या शिफारशी छापल्या, म्हणजे हे मागणे माझे एकट्याचे नाही आणि अवाजवीही नाही.

शेवटचा मुद्दा दयेच्या नावाने मांडला जातो: रुग्णांना पथ्य जमत नाही, म्हणून औषध द्या. औषध हवे, याबद्दल माझा वाद नाही. क्यूबाच्या त्या अभ्यासातही दहा टक्के वजन उतरवू शकले ते दहातले एकच. फायब्रोसिस पुढे गेलेल्या माणसाला केवळ चालण्याच्या सल्ल्यावर सोडणे क्रूरपणाचे होईल. पण मान्यतेच्या कागदावर काय लिहिले आहे? रेस्मेटिरॉम ‘आहार आणि व्यायामासोबत’. ऑगस्ट 2025 मध्ये या आजारासाठी मान्यता मिळालेले सेमाग्लुटाइड ‘कमी उष्मांकांचा आहार आणि वाढीव हालचाल यांसोबत’. कोणता आहार, किती हालचाल, आणि ती केली तर गोळीचा फायदा वाढतो, तेवढाच राहतो की उरतच नाही? बेरीज आपोआप होते असे समजू नये. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या चमूने 531 भारतीयांवर मधुमेह टाळण्याची चाचणी केली, ती 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. जीवनशैलीने धोका 28.5 टक्के घटला, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाने 26.4 टक्के आणि दोन्ही एकत्र दिल्यावर 28.2 टक्के. दोन उपायांची बेरीज एका उपायाइतकीच निघाली. हे कळले, कारण जीवनशैलीला तिथे स्वतंत्र गट म्हणून वागवले होते. फॅटी लिव्हरमध्येही असेच असेल असे मी म्हणत नाही. पण अमेरिकेत ज्या गोळीची छापील किंमत बाजारात येताना वर्षाला 47,400 डॉलर होती, तिच्याबद्दल हा प्रश्न अनुत्तरित ठेवणे म्हणजे रुग्णाला डोळे झाकून पैसे मोजायला लावणे आहे. पथ्य मनापासून पाळणाऱ्या रुग्णाला ‘तुला याची गरज आहे का’ हे सांगणारा आकडा डॉक्टरच्या हाती नसतो.

भारत सरकारने 2021 मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला, आणि त्यात पहिला उपाय म्हणून सांगितली जाते ती जीवनशैलीच. औषधांच्या चाचण्या आपल्याकडेही होतात, आणि 2009 पासून त्यांची नोंदणी राष्ट्रीय नोंदवहीत सक्तीची आहे. त्या चाचण्यांना परवानगी देणाऱ्या आचारसमित्यांच्या सदस्यांना माझी विनंती आहे. पुढचा प्रस्ताव हातात आला की त्यात चार गोष्टी शोधा: सुरुवातीला, मध्ये आणि शेवटच्या बायॉप्सीच्या वेळी आहाराची नोंद, यंत्राने मोजलेली हालचाल, दोन्ही गटांना दिलेल्या सल्ल्याचा लेखी तपशील, आणि हे सगळे गटवार प्रसिद्ध करण्याची आधीच दिलेली हमी. यातले काही नसेल तर प्रस्ताव परत पाठवा.